जुळायचं राहिलेलं

बाणूबाईला कुणी काही पटवून दिलं, असं कमलनगरच्या आसपास कुणी ऐकलेलं नव्हतं. तिला जे पटायचं ते आपलं आपण, मेंढ्यांना पाला टाकताना नाहीतर घोंगडीचे दोन पट्टे जोडताना पटायचं, आणि एकदा पटलं की मध्ये बोलायची कुणाची टाप नव्हती. नवरा गुंडाप्पा शहाणा माणूस. त्यानं लग्नानंतर लवकरच वाद घालायचा नाद सोडला आणि पुढचं आयुष्य मेंढ्यांमागं सुखात काढलं. मुलगा मल्लिकार्जुन कमलनगरहून खेड्यांना जीप चालवायचा. जीपमध्ये माणसं कोंबताना तो पोलिसालाही दाद देत नसे, पण घरात आला की मायच्या शब्दाबाहेर त्याचं पाऊल पडत नसे.

त्यामुळे बाणूबाई जेव्हा म्हणाली, की नातीच्या ओठाला लोखंड लागायचं न्हाई, तेव्हा विषय संपल्यातच जमा होता.

नात जन्मली तीच वरच्या ओठात फट घेऊन. डाव्या नाकपुडीखाली ओठ दुभंगलेला आणि त्यातून हिरडी दिसायची. टाळू शाबूत होती, तेवढं बरं झालं असं डॉक्टर म्हणाले. पण ओठ मिटत नसल्यानं अंगावर पिता येईना. दूध तोंडात जायचं त्याहून जास्त गळ्यावर ओघळायचं. सून रेणू नुसती रडायची. गल्लीतल्या बायका येऊन गालाला हात लावून बसायला लागल्या, तेव्हा बाणूबाईनं आधी त्यांना बाहेर काढलं. मग हात धुतले, पोरीला उभी धरली, मान हातात घेतली आणि आईविना राहिलेल्या कोकराला पाजावं तसं चमचा चमचा दूध पाजायला बसली. आडवं धरून पाजलं की दूध श्वासात जातं हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. खांद्यावर एक फडकं कायमचं आलं. एक घोट पोटात, एक फडक्यात, असं करत पोर गुटगुटीत झाली. बीदरच्या दवाखान्यात वजन केलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिला पाजलं कुणी? बाणूबाईनं मान वर केली नाही, पण तिला बरं वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हिचा ओठ शिवता येईल, आणि पंधरवड्यानंतरचा सोमवार दिला.

घरी येताना जीपमध्येच बाणूबाईनं निकाल सांगितला.

त्यामागं एक रीत होती. त्यांच्या घरात कळपातलं एक कोकरू बिरप्पाच्या नावानं सोडायचे. त्याच्या डाव्या कानाला पात्यानं खाच पाडायची, ती देवाची खूण. त्यानंतर त्या मेंढराला ना कातर लागायची, ना सुरी. लोकर वाढून भुईला टेकली तरी कुणी हात लावायचा नाही, म्हातारं होऊन ते आपल्या मरणानं मरायचं. आत्ताही दारात असा एक मेंढा होता. लोकरीचं गाठोडं झालेला, आणि आपल्याला कुणी कापणार नाही हे पक्कं ठाऊक असल्यासारखा माजलेला.

"आमी कोकराला खूण करताव," बाणूबाई म्हणाली, "आन ह्या घरात देवानं सोता येऊन खूण केलीया. डाव्याच अंगाला. त्याच्या खुणंवर सुरी चालवायची व्हय?"

पोरीचं पाळण्यातलं नाव विजयश्री होतं. रेणूनं हौसेनं ठेवलेलं. बाणूबाई तिला त्या नावानं कधी हाक मारत नसे. ती म्हणायची, 'देवाची'.

यात दुष्टपणा तिळभर नव्हता, आणि अवघड होतं ते तेच. वाकड्यात शिरणाऱ्या माणसाशी भांडता येतं. पण जिनं पोरीला जगवलं, जी तिला देवाचं देणं समजून तिच्यावरून जीव ओवाळून टाकायला तयार होती, तिच्याशी रेणू काय भांडणार? रेणूच्या माहेरी, मादन हिप्परग्याच्या शाळेत, अशीच ओठ फाटलेली एक मुलगी होती. पोरं तिला जी हाक मारायची ती रेणूला आठवत होती. स्वतः रेणूनंही एकदा ती हाक मारली होती. दुसरीनंतर ती मुलगी शाळेत आली नाही, आणि पुढं तिचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. आपल्या पोरीचं तसं व्हायचं नाही, एवढं एकच रेणूला हवं होतं. तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मायला कोण बोलावं?" मग तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला.

ही धाकटी बहीण मनीषा कलबुर्गीला राहून संशोधन करायची. कशावर, हे माहेरी कुणाला धड सांगता यायचं नाही. 'कोंबडीच्या पिल्लाचं तोंड' एवढंच ठाऊक होतं, आणि एवढी शिकलेली पोरगी कोंबडीच्या तोंडात काय बघती, म्हणून नात्यातले लोक हसायचे. वडील पाहुण्यांना सांगायचे, पोरगी डॉक्टर व्हायली. पाहुणे लगेच धोतर वर करून गुडघे, कंबर सगळं दाखवायला लागायचे.

मनीषा आली ती जीपमधून, पाठीवर पिशवी घेऊन. बाणूबाई अंगणात घोंगडीचे पट्टे जोडत बसली होती. मांडीवर पोर होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "समजवायला आलीस जनू."

"न्हाई आत्या," मनीषा म्हणाली. "अंडी मागायला आले."

बाणूबाईचा दाभण थांबला. हे तिच्या हिशेबात नव्हतं.

"टोपल्यात हायत. घे की."

"टोपल्यातली नगं. खुडूक कोंबडी बसवलीया म्हनली रेणू. तिच्या खालची दोन पायजेत."

"उबवायला ठिवलेली? कामून?"

"ह्या पोरीचा ओठ कामून जुळला न्हाई, ते तुमच्या कोंबडीला इचारायचंय."

बाणूबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. पोरगी थट्टा करत नव्हती. कोंबडी बसवून चार दिवस झाले होते. ती उठली, खुराड्यात हात घातला, कोंबडीनं मनगटावर चोच मारली तरी तिकडं लक्ष न देता एक अंडं काढून मनीषाच्या हातात ठेवलं. अजून ऊब होती. "एकच," ती म्हणाली. "दुसऱ्याचं मागनं बघू."

मनीषा कडुलिंबाच्या सावलीत बसली. कापडाच्या चुंबळीवर अंडं आडवं ठेवलं. इंजेक्शनच्या सुईनं थोडा पांढरा बलक ओढून घेतला, कवचावर चिकटपट्टी लावली, आणि छोट्या कात्रीनं रुपयाएवढं भोक कापलं. तिचा हात इतका हलका होता की कवचाला तडा गेला नाही. बाणूबाईनं ते पाहिलं. हाताचं काम तिला कळायचं.

"या, बगा," मनीषा म्हणाली.

बाणूबाईनं जन्मात किती अंडी फोडली असतील त्याला गणती नव्हती. बलकावर रक्ताचा ठिपका दिसला की अंडं गेलं म्हणून फेकून द्यायचं, एवढंच तिला ठाऊक. आता त्या खिडकीतून तिनं आत पाहिलं. पिवळ्यावर लाल बारीक रेषांचं जाळं पसरलं होतं आणि मधोमध मुगाच्या डाळीएवढं काहीतरी थडथड उडत होतं. थांबत नव्हतं.

"काळीज हाय ते," मनीषा हळू म्हणाली.

बाणूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. देवळात शिरताना करायची तसा.

मनीषानं पिशवीतून बोटभर लांबीचं एक भिंग काढलं, वायरनं फोनला जोडलं आणि अंड्यावर धरलं. फोनच्या काचेवर सगळं मोठं दिसायला लागलं. रेणू येऊन मागं उभी राहिली. गुंडाप्पा चहाला म्हणून रानातून आला होता, तोही कप घेऊन वाकला. काचेवर भलामोठा काळा डोळा होता, पुढं वाकलेलं डोकं होतं, आणि डोळ्याखाली नुसते फुगवटे.

"ह्याला तोंडच न्हाई," बाणूबाई म्हणाली.

"हाय की. पर अजून तुकड्यातुकड्यांत हाय." मनीषानं काडीनं एकेक दाखवलं. "हे वरचं कपाळाकडनं खाली यायलंय. त्याचं नाक व्हायचं, वरच्या चोचीचं टोक व्हायचं. हे दोन्हीकडनं गालाचे. हे दोन खाली, त्यांचा खालचा जबडा. पाच तुकडे, आन सगळे येगळे. तोंड म्हनजे ह्यांनी एकमेकांला गाठायचं."

"आन हे आले कुटनं?"

मनीषाचा चेहरा उजळला. हा प्रश्न तिला स्वतःला पहिल्यांदा पडला होता तेव्हापासून ती त्याच्या मागं लागली होती, आणि तिला वाटायचं की जगात याहून नवलाची गोष्ट दुसरी नाही. "ह्या पेशी हितल्या न्हाईतच आत्या. डोक्याच्या पाक मागं, पाठीच्या वरच्या कडंला जन्मल्या. तितनं निगून, डोळ्याला वळसा घालून, चालत हितवर आल्यात. टोळ्या टोळ्यानं."

"चालत?" गुंडाप्पानं विचारलं. साऱ्या जन्माची भटकंती त्याच्या पायात होती. दरसाल मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं अफजलपुरापर्यंत जाणारा माणूस तो. "वाट कोन दावतंय त्यांला?"

"वाटंवरच्या बाकीच्या पेशी. त्या निरोप देत्यात. डोळ्याला दिसत न्हाई असा निरोप, बारीक कणांचा. हितं थांबा, हितं वाढा, तिकडं जाऊ नगा. जी जवळ असती तिला जास्त ऐकू येतंय, लांबचीला कमी. त्यावरनं तिला कळतंय, आपून कुटं हाव आन आपलं काय व्हायचंय. कुनी हाड व्हतंय, कुनी कातडी."

"आन म्होरक्या?"

"म्होरक्या न्हाईच मामा. सगळ्यांला हुकूम देनारं कुनीच न्हाई. परतेक आपल्या शेजाऱ्याचं ऐकतंय आन शेजाऱ्याला सांगतंय."

गुंडाप्पा बराच वेळ काचेकडं बघत राहिला. "म्होरक्याबिगर एवढा कळप," तो शेवटी म्हणाला, "आन वाट चुकत न्हाई." त्याचा चहा गार झाला होता. त्यानं तो तसाच प्यायला.

मनीषानं सांगितलं, की एका निरोपाला शास्त्रज्ञांनी साळिंदरासारख्या काटेरी जनावराचं नाव दिलंय, कारण तो पहिल्यांदा एका माशीच्या काटेरी अळीत सापडला. तोच निरोप माशीत, तोच कोंबडीत, तोच मेंढरात, तोच माणसात. बाणूबाईला नावाचं काही वाटलं नाही. पण मेंढरात आणि माणसात तोच, हे तिनं मनात ठेवलं असावं, कारण तिनं दारातल्या मेंढ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "आता झाक ते. उगडं पडलंय."

मनीषानं चिकटपट्टीनं खिडकी बंद केली आणि बाणूबाईनं अंडं परत कोंबडीखाली सारलं. संध्याकाळपर्यंत कोंबडीनं ते चोचीनं ढकलून बाहेर काढलं. "तिला तुझं शास्तर पटलं न्हाई," बाणूबाई म्हणाली, आणि रेणूला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

मनीषा राहिली. तिनं ऑपरेशनचं नाव काढलं नाही. आणखी तीन दिवस गेले तेव्हा बाणूबाईनंच, कुणी न सांगता, दुसरं अंडं आणून कडुलिंबाखाली ठेवलं.

यावेळी काचेवर पिल्लू होतं. इवलंसं, पिसं नसलेलं, पण बघितल्याबरोबर कुणीही सांगितलं असतं की ही कोंबडीची जात आहे. तोंडाला चोच होती, आखूड आणि बोथट, पण सबंध. बाणूबाईनं फोन हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला. तिची नजर काहीतरी धुंडाळत होती.

"जोड कुटं गेली?"

मनीषाला क्षणभर कळेना.

"पाच तुकडे हुते म्हनलीस. जोडले तर जोड दिसाय नगं?"

तिचं विचारणं बरोबर होतं. बाणूबाईच्या हातची घोंगडी कमलनगरच्या बाजारात लोक उलटीपालटी करून बघायचे, इतकी तिची शिवण बारीक. पण बारीक म्हणजे नाही असं नव्हे. कुठल्याही घोंगडीत मधून बोट फिरवलं की दोन पट्टे कुठं भेटले ते कळतंच. इथं तिला काही सापडत नव्हतं.

"ती ऱ्हात न्हाई," मनीषा म्हणाली. "दोन तुकडे वाढत वाढत एकमेकांला टेकत्यात. टेकले की दोघांच्या मधी कातडीची भिंत ऱ्हाती. मग त्या भिंतीतल्या पेशींला निरोप येतोय, आता तुमचं काम सरलं. काही मरून जात्यात, काही बाजूला सरत्यात. भिंत गेली की हिकडचं आन तिकडचं एक. शिवन न्हाई, गाठ न्हाई."

बाणूबाईनं फोन खाली ठेवला तो दोन्ही हातांनी, जपून. जन्मभर जोडणी केलेल्या बाईला आपल्याहून सरस जोडणी दिसली होती, आणि तिला तिचा हेवा वाटला नाही. तिला आनंद झाला.

"मानसाचंबी असंच?"

"असंच. आईला अजून नीट कळालेलंबी नसतंय तवा, दुसऱ्या म्हैन्यात. तुमचं, माजं, मामांचं. नाकाखाली बोट लावून बगा. मधी पन्हळ हाय ना? तिच्या दोन अंगाला दोन बारीक कडा हायत. तितंच जुळलाव आपून."

सगळ्यांची बोटं नाकाखाली गेली. गुंडाप्पाला मिशीत बराच शोध घ्यावा लागला. बाणूबाईनं आपल्या ओठावरच्या त्या दोन कडा चाचपल्या, इतक्या वर्षांच्या तोंडावर पहिल्यांदाच.

मग तिनं मांडीवरच्या पोरीकडं पाहिलं. "आन हिचं?"

"एका अंगाचा निरोप उशिरा पोचला, न्हाईतर कमी पोचला. कडा एकमेकींजवळ यायची येळ निगून गेली."

"कामून?"

"ते मला ठावं न्हाई." मनीषानं हे सरळ सांगितलं. "कदी कारन सापडतंय, लई बार सापडत न्हाई. पर रेणूनं कायतरी केलं म्हनून झालं, असं न्हाई."

"मग देवानंच अडवला निरोप."

रेणूनं बहिणीकडं पाहिलं. आता ही वाद घालणार आणि सगळं विसकटणार, असं तिला वाटलं. मनीषानं वाद घातला नाही.

"आसंल," ती म्हणाली. "मी तितवर पोचले न्हाई. मला एवढंच ठावं हाय, आमी कलबुर्गीला काय करताव ते. चार दिसाच्या पिल्लाच्या एका अंगाला, मोहरीहून बारीक मणी ठेवताव. त्या मण्यात निरोप अडवनारं औषध असतंय. बास. त्या अंगाची चोच जुळत न्हाई. दुसऱ्या अंगाची जुळती."

"कापता न्हाई?"

"पातं लावतच न्हाई. कापलं असतं तर वण ऱ्हायला असता. हे कापल्यालं नसतंय आत्या. जुळायचं ऱ्हायल्यालं असतंय."

बाणूबाई उठली. "झाक ते अंडं," एवढंच म्हणाली आणि पोरीला काखोटीला मारून गोठ्याकडं गेली. मनीषाला वाटलं, फसलं आपलं सगळं. तिनं खिडकी बंद केली आणि हात धुवायला गेली.

गोठ्यात बाणूबाईनं पोरीला मागोमाग आलेल्या रेणूच्या हातात दिलं आणि देवाच्या मेंढ्याचा कान धरला. मेंढ्याला हे अजिबात आवडलं नाही. त्यानं मान झटकली, शिंग तिच्या पोटरीला लागलं, पण बाणूबाईनं कान सोडला नाही. खाचेच्या कडेवरून तिनं अंगठा फिरवला. कड जाड होती, टणक होती, तिथं केस उगवला नव्हता. ही खाच तिनंच पाडली होती. रक्त आलं होतं, वर हळद दाबली होती, आणि पुढं कितीतरी दिवस त्या कोकरानं तो कान कुणाला धरू दिला नव्हता.

मग तिनं हात धुतले, पोरीला घेतलं आणि अंगणात उन्हाकडं तोंड करून बसली. ज्या ओठावरून तिनं दिवसातून कितीदा तरी दूध पुसलं होतं, त्याच्या कडेवरून करंगळी फिरवली. मऊ. कुठं गाठ नाही, वण नाही. ओठाची गुलाबी रेघ फटीपाशी तुटलेली नव्हती. ती वळून, दोन्ही कडांनी वर, पार नाकपुडीपर्यंत गेली होती, आपल्या वाटेनं निघालेली आणि समोरच्याची वाट बघत थांबलेली. बाणूबाईनं रोज पुसलं होतं, पण इतकं निरखून कधी पाहिलंच नव्हतं. खूण आहे म्हटल्यावर बघायचं काय?

पोर हसली. हसली की तिची फट रुंद व्हायची आणि हसू थेट नाकापर्यंत चढायचं. बाणूबाई मात्र हसली नाही. ती विचारात होती.

मल्लिकार्जुन संध्याकाळी घरी आला तेव्हा ती चुलीपाशी बसूनच म्हणाली, "सोमवारी जीप लायनीवर लावू नगंस. बीदरला जायचंय."

मल्लिकार्जुनानं बायकोकडं पाहिलं, मेहुणीकडं पाहिलं. "कामून?" असं विचारायचा त्याला धीर झाला नाही, पण बाणूबाईनं ते ऐकलं.

"खूण कापून करत्यात," ती म्हणाली. "मी केलीया, मला ठावं हाय. हितं कुनी कापलंच न्हाई. देवानंबी न्हाई. जुळायचं काम मधीच ऱ्हायलंय. आन घोंगडीचे दोन पट्टे जोडायचे ऱ्हायले, तर तिला कुनी देवाची घोंगडी म्हनत न्हाई. बसून जोडावं लागतंय."

रेणूची भाकरी तव्यावर करपली. कुणी तिला काही म्हटलं नाही.

तरी एक गोष्ट राहिली होती, आणि बाणूबाईनं ती दुसऱ्या दिवशी सकाळी विचारली. मनीषा निघायच्या तयारीत होती. "खरं सांग. डॉक्टर नुसतं शिवनार, का कापनार?"

मनीषानं पिशवी खाली ठेवली. खोटं बोलणं अगदी सोपं होतं, आणि त्यानं सोमवार पक्का झाला असता. रेणू बहिणीकडं डोळ्यांनी विनवत होती. पण मनीषाला वाटलं, ज्या बाईनं जोड कुठं गेली असं विचारलं, तिला फसवायचं नाही.

"कडांची कातडी थोडी काढावी लागती आत्या. पात्यानंच. दोन्ही कडा बऱ्या झाल्याल्या हायत, त्या तशाच शिवल्या तर एक व्हत न्हाईत."

बाणूबाईनं दाभण हातातल्या घोंगडीत टोचून ठेवला.

"अंड्यातबी मधली भिंत गेली तवाच एक झालं," बाणूबाई म्हणाली. "म्हनलीस ना तू?"

"व्हय."

"मग काढू दे."

मनीषा पुढं कलबुर्गीत मैत्रिणींना सांगायची, की आमच्या शोधनिबंधाची परीक्षा घेणाऱ्यांनी जे विचारलं नाही ते माझ्या बहिणीच्या सासूनं विचारलं. त्यात थोडी बढाई होती. पण ती बाणूबाईबद्दल बोलायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा, हे खरं.

सोमवारी बीदरच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या दारापाशी पोरीला नर्सच्या हातात देताना बाणूबाईनं तिला कानडीत बजावलं, हिला आडवी धरून पाजू नका, उभी धरा. नर्स म्हणाली, अज्जी, आता काही पाजायचं नाही. तरी ती पुन्हा तेच म्हणाली. दार बंद झालं. मल्लिकार्जुन खाली जीपपाशी जाऊन उगाच चाकं बघून आला. रेणू भिंतीला टेकून बसली. बाणूबाई उभीच राहिली, खांद्यावर फडकं तसंच.

पोरीला बाहेर आणलं तेव्हा ती गुंगीत होती. ओठ सुजला होता, आणि डाव्या नाकपुडीखालून बारीक टाक्यांची रेघ उतरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान झालंय, एक रेघ तेवढी कायम राहील. बाणूबाईनं वाकून टाके पाहिले. त्यातलं अंतर पाहिलं, ओढ पाहिली. रेघ बरोबर त्या जागी होती जिथं बाकीच्यांना कड असते. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सगळ्यांलाच असती." आणि डॉक्टरीणबाईंच्या हातांकडं तिनं एकदा आदरानं पाहून घेतलं.

पण दुसऱ्या दिवशी, पोर पुरती जागी झाली तेव्हा, रेणूला दिसलं की सासू पलंगापासून लांब, खिडकीशी उभी आहे.

"आत्या?"

"ही आमची वाटंना झालीया," बाणूबाई म्हणाली. शेकडो मेंढ्यांच्या कळपात आपलं कोकरू नुसत्या तोंडावरून ओळखणारी ती बाई. "जुनं तोंड माज्या पाठ हुतं गं. हसायली की नाकापतुर चढायचं. ते आता दिसायचं न्हाई." आणि मग म्हणाली, "तुज्या फोनमंदी आसंल ना, ते दाव मला."

रेणूनं फोन काढला. पोरीचे खूप फोटो होते. प्रत्येकात तोंडावर टोपरं ओढलेलं होतं, नाहीतर दुपट्याचा कोपरा, नाहीतर आईचाच हात. रेणू एकेक पुढं सरकवत गेली आणि तिचे डोळे भरून आले. त्या हसण्याचा फोटो कुणीच काढला नव्हता. ते हसू बघावंसं वाटलं होतं, आवडलं होतं, ते एका बाणूबाईलाच.

सासूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. माज्यापाशी हाय ते."

पोर भुकेनं रडायला लागली. नर्सनं दूध आणून ठेवलं होतं आणि टाके ओले आहेत तोवर चमच्यानंच पाजा म्हणून सांगितलं होतं. बाणूबाई पलंगावर बसली, पोरीला उभी धरली, मान हातात घेतली, फडकं हनुवटीखाली लावलं. हे सगळं हातांनी आपलं आपण केलं. चमचा ओठाला लावला. दूध आत गेलं आणि ओठ मिटला. बाणूबाई सवयीनं पुसायला गेली तर पुसायला काही नव्हतं. दुसरा चमचा. तिसऱ्याला पोरीनं चमचा हिरडीत आणि ओठांत पकडला आणि सोडायलाच तयार होईना.

"सोड की गं," बाणूबाई म्हणाली. "विजू. सोड."

रेणूनं ते नाव ऐकलं आणि ती हललीसुद्धा नाही. वाटी रिकामी झाली तेव्हा बाणूबाईनं हनुवटीखालचं फडकं काढलं, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. ते कोरडंच होतं. ते हातात घेऊन ती थोडा वेळ बसली, आणि मग त्यानं तिनं स्वतःचे डोळे पुसले.